यमुनेची आनंदी झाली, आणखी एका यमुनेची रमा झाली: माणूस आतून किती घडतो, बाहेरून किती?

शमी

आनंदीबाई जोशींचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. एक, ‘गोपाळराव होते म्हणून ती डॉक्टर झाली.’ दुसरं, ‘ती मुळातच तशी होती, गोपाळराव निमित्तमात्र.’ मला दोन्ही अपुरी वाटतात. माणूस आतून किती घडतो आणि बाहेरून किती, हा प्रश्न एरवी हवेत राहतो. आनंदीबाईंच्या बाबतीत मात्र पत्रं आहेत, तारखा आहेत, माणसं आहेत. म्हणून धागा काढतेय.

आधी हकीकत. कल्याणची यमुना जोशी, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव, माहेरचंच आडनाव, जोशी. बिजवर, वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठा, टपालखात्यात नोकरी. लग्नात यमुनेची आनंदी झाली. बायकोने शिकलंच पाहिजे हा गोपाळरावांचा हट्ट. बदल्या होत गेल्या, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, आणि शिक्षण त्यांच्याबरोबर फिरत राहिलं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. एप्रिल १८८३ मध्ये ती कलकत्त्याहून बोटीने नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाली. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने मृत्यू. बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता.

गोपाळरावांनी शिकवलं हे खरं. कसं शिकवलं हेही सांगायला हवं. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात ती मागचा सगळा हिशेब मांडते. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं अंगावर फेकलीत, सोडून जाईन म्हणून धमकावलंत, चौदाव्या वर्षी आणखी वेगळ्या शिक्षा केल्यात. प्रत्येक गोष्ट वयासकट. आणि मग म्हणते (शब्द माझे, आशय तिचा) की तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे ठरवणं अवघड आहे, पण मला विचाराल तर दोन्ही. शेवटचा हेतू बघितला तर बरोबर. लहान मुलाच्या मनावर काय परिणाम होऊ शकतो हे बघितलं तर चूक.

हे लिहिताना ती जेमतेम विशीची होती. मी हा भाग पुन्हा पुन्हा वाचते. अक्षरओळख गोपाळरावांची, इंग्रजी गोपाळरावांनी शिकवलेलं, परदेशी पाठवण्याची खटपटही त्यांचीच. आणि त्याच शिक्षणाच्या बळावर तिने घडवणाऱ्यालाच समोर बसवून त्याचा न्याय केला. पारडं पूर्ण वर नाही, पूर्ण खाली नाही. हे त्यांनी तिला शिकवलं नव्हतं. घरात, पोथीत, मिशनरी शाळेत, कुठेच कुणी शिकवलं नव्हतं. मग ते आलं कुठून?

आता दुसरी यमुना. कुर्लेकरांची, जन्म १८६२. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, महादेव गोविंद रानड्यांशी लग्न. यमुनेची रमा झाली. रानडे एकतिशीचे, पहिली पत्नी वारलेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस आता स्वतः विधवेशी लग्न करील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचं चाललं नाही आणि अकरा वर्षांची मुलगी घरात आली. रानड्यांनी तिला लगेच शिकवायला घेतलं, घरातल्या बायकांना ते सोसेना, त्यांचं बोलणं ती मुकाट्याने ऐकत राहिली. पुढे हीच रमाबाई सेवासदनाच्या अध्वर्यू झाल्या आणि १९२४ मध्ये जाईपर्यंत काम करत राहिल्या.

पाळण्यातलं नाव एक. बालविवाह दोघींचा, नवरे बिजवर आणि सुधारक, धडे रात्री दिव्याखाली. तरी आतल्या दोन बायका किती वेगळ्या! रमाबाई लिहितात तेव्हा स्वतःला मागे ठेवून नवऱ्याविषयी लिहितात. आनंदीबाई नवऱ्यालाच जाब विचारतात.

तुम्हाला काय वाटतं? स्वतःच्या घरातली उदाहरणं आली तर जास्त आवडेल.

बोरीबंदर

धागा आवडला, पण माझं मत तुमच्या पहिल्या वाक्याकडेच झुकतं. १८७४ मध्ये नऊ वर्षांच्या किती मुलींची लग्नं झाली असतील? त्यांच्यात आनंदीच्या तोडीची बुद्धी एकीचीही नव्हती असं कोण म्हणेल? त्यांचं ‘आतलं’ कुणाला दिसलं? चुलीपाशी आलं आणि चुलीपाशीच संपलं. गोपाळरावांनी १८८० मध्ये रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, ते त्यांच्या मासिकात छापून आलं, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दंतवैद्याच्या दवाखान्यात नंबराची वाट बघताना वाचलं. एवढ्या योगायोगावर अमेरिकेचं दार उघडलं. आत काहीही असो, दार बाहेरूनच उघडतं.

आणि त्या मारहाणीला मी ‘घडवणं’ म्हणणार नाही. दहा वर्षांच्या पोरीला लाकडाने मारणारा माणूस सुधारक असला तरी मारणाराच असतो.

शमी

बोरीबंदर, मारहाणीबद्दल शंभर टक्के सहमत. दाराबद्दल अर्धी. वाइल्डरच्या उत्तराचा भाग तुम्ही सोडलात. ख्रिस्ती झालात तर मदत करू, असं ते उत्तर होतं. दार उघडं होतं, पण अटीवर. ती अट मान्य झाली नाही. पुढे कार्पेंटरबाईंशी पत्रव्यवहार झाला तो या अटीशिवाय. आणि निघण्याआधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) कॉलेजात भर सभेत उभं राहून तिने स्वतः सांगितलं की मी हिंदू म्हणून जाते आहे आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तेव्हा ती अठराचीही नव्हती. ते भाषण तिचं होतं.

रानजाई

घरातलं उदाहरण मागितलंत म्हणून लिहिते.

माझ्या आईला दोन नावं आहेत. माहेरचं कुसुम, सासरचं वैजयंती. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नाव लिहितात ना, तसं बाबांनी लिहिलं आणि ती वैजयंती झाली. तिला आधी कुणी विचारलं नव्हतं. आजीच्या एका मैत्रिणीने पत्रिका बघून अक्षर काढून दिलं होतं, एवढंच तिला ठाऊक.

आम्ही भावंडं लहानपणापासून एक गोष्ट बघत आलोय. मामाचा फोन आला की आईचा आवाज बदलतो. नुसता सूर नाही, वाक्यंच बदलतात. आमच्याकडे ती ‘असं करूया का?’ म्हणते. मामाशी ‘असं कर’ म्हणते. आमच्याकडे तिला कारल्याची भाजी आवडते. मामाकडे गेली की ताटात कारलं घेत नाही, आणि मामी कधी वाढतही नाही, कारण तिथे सगळ्यांना माहीत आहे की कुसुमला कारलं चालत नाही. इतकी वर्षं ती आमच्याकडे कारलं खातेय. मी एकदा विचारलं की तुला खरंच आवडतं का गं? तर म्हणाली, ‘आता आवडतं.’ मला ते खोटं वाटलं नाही. सवयीने आवड तयार झाली असेल तर ती खरीच की.

म्हणून ‘खरी आई कोणती’ असा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. कुसुम आत दडलेली आणि वैजयंती वरून पांघरलेली, असं अजिबात नाही. बाबांच्या आजारपणात हॉस्पिटलात रात्र-रात्र बसून, डॉक्टरांशी ठामपणे बोलून निर्णय घेणारी बाई वैजयंतीच होती. तो ठामपणा कुसुमकडे असता का, कोण जाणे. पण मला एवढं नक्की वाटतं की तिला विचारायला हवं होतं. नाव बदललं म्हणून माझी तक्रार नाही. विचारलं नाही, ही तक्रार आहे.

निळीशाई

रानजाई, खूप आतून लिहिलंत. माझ्या सासूबाई मला त्यांच्या पद्धतीचं नाव देणार होत्या. मी नको म्हटलं, आणि त्यांनी ते लगेच मान्य केलं. नंतर एकदा म्हणाल्या, ‘मला कुणी नको म्हणू दिलं नव्हतं.’

गणिती

शास्त्राच्या बाजूने थोडं लिहितो.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. एकाच बीजापासून झालेली जुळी जन्मल्यावर लगेच वेगळी झाली, वेगळ्या आईवडिलांकडे वाढली, आणि मोठेपणी भेटली. स्वभावाच्या चाचण्यांत ती एकमेकांशी बरीच जुळली. असे अनेक अभ्यास एकत्र बघितले तर निघतं ते असं: बहिर्मुखपणा, चिंता करण्याची वृत्ती, शिस्त अशा गुणांमध्ये माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण चाळीस ते पन्नास टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता येतो.

यापेक्षा मला दुसरा निष्कर्ष जास्त चकित करतो. उरलेल्या फरकात ‘एकाच घरातले संस्कार’ यांचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा फार कमी निघतो. एका घरात, एका आईबापांच्या हाताखाली वाढलेली भावंडं घरामुळे फारशी सारखी होत नाहीत. बाहेरचा प्रभाव आहे, पण प्रत्येकाच्या वाट्याला तो वेगळा येतो: वेगळे मित्र, वेगळे शिक्षक, वेगळा आजार, घरातलं वेगळं स्थान.

बोरीबंदर

म्हणजे निम्मा माणूस जन्माचा, निम्मा बाहेरचा. मग वाद मिटला म्हणायचं.

गणिती

नाही, बोरीबंदर. हा घोटाळा फार सर्रास होतो, म्हणून जरा सविस्तर. हे टक्के लोकसमूहातल्या फरकांचे आहेत, एका माणसाचे नाहीत. ‘आनंदीबाई पन्नास टक्के जन्मजात’ या वाक्याला काही अर्थच नाही. आणि टक्का परिस्थितीनुसार बदलतो. सगळ्यांना सारखी शाळा, सारखं अन्न मिळालं तर उरलेला फरक जास्त करून जन्मजात दिसेल. १८७४ च्या महाराष्ट्रात कुणाला शाळा होती आणि बहुतेक मुलींना नव्हती. तिथे ‘कोण शिकलं’ यातला बहुतेक फरक बाहेरचाच निघेल. या अर्थाने तुमचा चुलीचा मुद्दा शास्त्राच्या भाषेतही बरोबर बसतो.

दुसरं असं की आत आणि बाहेर हे वेगवेगळे राहतच नाहीत. चौकस मूल प्रश्न विचारतं, म्हणून मोठी माणसं त्याच्याशी जास्त बोलतात, म्हणून ते आणखी चौकस होतं. त्यातलं जन्माचं किती आणि बोलण्याचं किती हे सुटं करून दाखवता येत नाही. गोपाळराव आनंदीला शिकवत राहिले याला त्यांचा हट्ट कारण होताच, पण शिकवलेलं ती पटापट उचलत होती हेही कारण असणार.

पाणंद

मी बराच वेळ नुसता वाचत होतो. दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

पहिली माझी. लातूरकडच्या गावातून बारावीनंतर पुण्यात आलो. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ‘काय करायलास?’ म्हटलं आणि खोलीतली पोरं हसली. वाईट हेतूने नसतील हसली. पण त्यानंतर मी बोलण्याआधी मनात वाक्य फिरवून बघायला लागलो. ‘करायलोय’चं ‘करतोय’. हळूहळू ते फिरवणंही थांबलं, पुण्याचं बोलणं आपोआप तोंडात आलं. मग सुट्टीत गावी गेलो तर आज्जी म्हणाली, ‘लई मोठा साहेब झालास की.’ तिथेही हसले. आता मला दोन्ही येतं, आणि दोन्हीकडे किंचित परका वाटतो. माझा स्वभाव बदलला का? भांडकुदळ होतो तसाच आहे. पण मी भांडतो त्याची भाषा बदलली, आणि त्यामुळे मी कशावर भांडतो तेही बदललं.

दुसरी गोष्ट. शमीताई, आनंदीबाई-रमाबाई ठीक आहेत, पण दोघींना बाहेरून निदान हात तरी मिळाला होता. १८५५ सालची मुक्ता साळवे घ्या. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. तिने निबंध लिहिला, मांग-महारांच्या दुःखाविषयी, आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात ती देवालाच विचारते: वेद आमचेच, ते तुम्ही बघायचे नाहीत असं ब्राह्मण म्हणतात, मग आमच्याकडे धर्माचं पुस्तक नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित आहोत का? आमचा धर्म कोणता ते तूच सांग, म्हणजे तसं वागू.

बाहेरच्या जगाने तिला ‘तू कोण’ याची यादी तयार करून दिली होती. कुठून चालायचं, कुठे थांबायचं, कशाला शिवायचं नाही. शाळेत फक्त तीन वर्षं शिकलेल्या मुलीने ती यादी हातात घेतली आणि विचारलं की ही केली कुणी? ‘ओळख’ हा शब्द निघाला की मला पहिली ती आठवते.

शमी

पाणंद, मुक्ता साळवे या धाग्यावर पहिल्या पोस्टमध्येच असायला हवी होती. आणि माझं म्हणणं तुमच्या उदाहरणात जास्त स्पष्ट होतं. आत काहीतरी तयार, अस्सल, बाहेरचं काही न लागलेलं असतं, असं मी म्हणत नाही. मुक्ताची लिपी शाळेची, देवाला साकडं घालण्याची रीतही परंपरेची. पण आलेल्या सामग्रीवर उलट प्रश्न करण्याची जी क्रिया आहे, तिथे मला तो माणूस दिसतो. आनंदीबाईंच्या पत्रातही तेच. काय मिळालं यापेक्षा मिळालेल्याचं काय केलं, त्यात माणसाची ओळख जास्त पटते.

बोरीबंदर

हे मान्य. तरीही उलट प्रश्न करायला आधी लिहिता यावं लागतं, आणि छापणारा लागतो. तेवढं माझं म्हणणं कायम.

ओटी

मग रखमाबाई हव्यातच. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न, पण नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी पुस्तकं होती, मोकळीक होती. १८८४ मध्ये दादाजींनी कोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या सहीने बालविवाहावर पत्रं आली, ती त्यांचीच. १८८७ मध्ये न्या. फॅरन यांचा हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. मग लंडनला वैद्यकीय शिक्षण, आणि १८९४ नंतर वर्षानुवर्षं सुरत आणि राजकोटला नोकरी.

यांच्याबाबतीत बाहेरून किती माणसं ओढत होती ते बघा. नवरा, कोर्ट, दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रं, सुधारकांतले निम्मे या बाजूला, निम्मे त्या बाजूला. टिळकांचा ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता. एवढ्या सगळ्यांत ‘मी या लग्नाला संमती दिली नव्हती’ हे एक वाक्य त्यांनी सोडलं नाही. रानजाईंची तक्रार तीच आहे: विचारलं नाही.

दूरदेशी

मी न्यू यॉर्क राज्यात राहते. पकिप्सी इथून फार लांब नाही. तिथल्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आनंदीबाईंची रक्षा पुरली आहे. गोपाळरावांनी ती कार्पेंटरबाईंकडे पाठवली होती. दगडावर आनंदीबाई जोशी, एम.डी. असं आहे, आणि खाली शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ. मी तिथे उभी असताना पहिल्यांदा मला ‘ब्राह्मण’ हा शब्द खटकला. मग वाटलं की ज्यांनी दगड बसवला त्यांना ती अशीच कळली होती. त्यांच्या मापाने त्यांनी तिला मोठं केलं. यमुना हे नाव तिथे नाही. कोण लिहिणार? ते ज्यांना माहीत होतं ती माणसं कल्याणला.

इथे राहून मला हे रोज भोगावं लागतं. ऑफिसात माझ्या नावाची पहिली दोनच अक्षरं चालतात. ती मी स्वतःच सुरुवातीला सांगितली, सगळ्यांना सोयीचं म्हणून. आता कुणी पूर्ण नाव घेतलं की दचकते. मीटिंगमध्ये मी पटकन मत देते, मराठी मंडळात मात्र मोठ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसते. मुलगी म्हणते, आई, तू दोन आहेस. मला तसं वाटत नाही. दोन्हीकडे राग एकाच गोष्टीचा येतो, कुणाला मध्येच तोडून बोललेलं मला सोसत नाही. फक्त एका ठिकाणी मी ते बोलून दाखवते.

शमी

दूरदेशी, तुमच्या पोस्टमुळे तो फोटो आठवला. १० ऑक्टोबर १८८५, कॉलेजातला. तीन परदेशी विद्यार्थिनी शेजारी शेजारी: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. नेटवर सहज मिळतो, ज्यांनी बघितला नसेल त्यांनी जरूर बघा.

तो बघताना वाटतं की या बायका घरच्याच कपड्यांत राहिल्या, बाहेरचं काही लागू दिलं नाही. पण आनंदीबाईंनी तिथे नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली होती, कारण त्या थंडीत पोटऱ्या उघड्या पडून चालण्यासारखं नव्हतं. आणि गोपाळरावांना लांबून तिच्या पोशाखाचा, वागण्याचा संशय येत होता, टोचून बोलणारी पत्रं येत होती. म्हणजे फिलाडेल्फियाची थंडी एकीकडून आणि नवऱ्याची पत्रं दुसरीकडून. मांसाहार नाही, साडी सोडायची नाही, पण नेसायची पद्धत बदलायला हरकत नाही. काय सोडायचं आणि काय धरायचं याची तिची स्वतःची एक यादी होती, आणि ती ना कल्याणची होती, ना फिलाडेल्फियाची.

वाटसरू७

गोपाळरावांविषयी सगळे बोलतायत, पण तो माणूस स्वतः कशाने घडला होता? पुण्यात ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहाचं प्रकरण झालं, ते घडवून आणणारे हेच गोपाळराव. रानडे, टिळक यांच्यासकट बरीच बडी मंडळी मिशनऱ्यांकडे बोलावली गेली, चहा-बिस्किटं समोर आली, आणि नंतर नावांची यादी छापून आली. मिशनऱ्यांकडे खाल्लं-प्यायलं म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. आनंदीबाईंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मला तर हा माणूस आयुष्यभर समाजाला डिवचत राहिलेला दिसतो. बायकोला शिकवणं हा त्याच्यासाठी तिचा प्रश्न होता की समाजाला डिवचण्याचा एक मार्ग, याची मला खात्री नाही.

ओटी

आणि त्याच प्रकरणात रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. १८७३ मध्ये वडिलांपुढे मान तुकवली, पुढे घरच्यांच्या आणि मित्रांच्या त्रासापायी प्रायश्चित्त. हायकोर्टाचा न्यायाधीश होऊ घातलेला माणूस, देशभर मान, तरी ओढ घरच्यांचीच. बाहेरचे प्रभाव फक्त बायकांवर आणि लहानांवर होतात असं मानायचं कारण नाही. दोन वेळा वाकलेल्या याच माणसाने अकरा वर्षांच्या मुलीला शिकवण्याचं मात्र घरातल्या कुणासाठीही थांबवलं नाही. कुठे वाकायचं आणि कुठे नाही, त्यांचीही यादी होतीच की.

निळीशाई

नावाच्या मुद्द्यावर एक व्यावहारिक. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. अजूनही मुलींना वाटतं की विवाहनोंदणी झाली म्हणजे नाव आपोआप बदललं. तसं होत नाही. बदलायचं असेल तर आधार, पॅन, बँक, सगळीकडे कागदपत्रं देऊन आपणच बदलून घ्यावं लागतं. आमच्या ओळखीत एकीचं गुणपत्रिकेवर एक नाव, पासबुकावर दुसरं, निवृत्तिवेतनाच्या कागदांवर तिसरं. तिन्ही ती एकच बाई आहे हे सिद्ध करायला तिला प्रतिज्ञापत्रं घेऊन फिरावं लागलं, आणि तेही साठी उलटल्यावर.

आता राज्य सरकारचा नियम आहे की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आमच्या पुतणीच्या शाळेच्या दाखल्यावर पुढे असंच येणार.

रानजाई

हा धागा मी आईला वाचून दाखवला. आनंदीबाईंच्या पत्राचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. म्हणाली, ‘दोन्ही म्हणाली ना ती? मीही तेच सांगेन.’ मी विचारलं, तुला कुणाला पत्र लिहायचंय? तर म्हणाली, आजीला लिहिलं असतं. पण नावाबद्दल नाही. लग्नानंतर दोन वर्षं शिवणाचा क्लास बंद करायला लावला होता त्याबद्दल. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. आम्ही इतकी वर्षं नावावरून हळहळत होतो, आणि तिला सल होती ती शिवणाच्या क्लासची.

गणिती

रानजाई, हे फार महत्त्वाचं आहे. बाहेरून बघणारा ठरवतो की अमुक प्रभाव मोठा. ज्याच्यावर होतो त्याचा हिशेब वेगळाच असतो. कुठल्याही चाचणीत हे सापडणार नाही, विचारावंच लागेल.

पाणंद

आनंदीबाईंच्या बाबतीतही तेच आहे. आपण मूल गेल्यामुळे ती डॉक्टर झाली, असं सरसकट सांगतो. कॉलेजला लिहिलेल्या अर्जात तिने काय कारण दिलं ते बघायला हवं.

शमी

अर्जात ती देशातल्या बायकांबद्दल लिहिते. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांना खरी वैद्यकीय मदत मिळावी, म्हणून शिकायचंय, असा आशय आहे. स्वतःच्या बाळाचं दुःख कारण म्हणून ती पुढे करत नाही. ते आत असणारच, पण तिने निवडलेलं कारण ते नाही, आणि तिने निवडलेलं कारण मी खरं मानते. एम.डी.चा प्रबंधही तिने आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर लिहिला. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली होती. क्षयाने ती रुजू होऊ शकली नाही.

बोरीबंदर

त्या नेमणुकीचा पत्रव्यवहार कुठे छापलेला आहे का? गोपाळरावांनी तो केला की तिने स्वतः, हे मला बघायचंय. तिने केला असेल तर माझ्या दाराच्या मुद्द्याला खरं उत्तर तिथे मिळेल.

शमी

शोधते आणि इथेच टाकते. दरम्यान ओटी, रखमाबाईंच्या ‘टाइम्स’मधल्या पत्रांवर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच. पाणंद, मुक्ता साळवेचा निबंध पूर्ण वाचायला मिळेल असं काही असेल तर सांगा, आपण तो परिच्छेदागणिक वाचूया.